मदत हवी आहे: नागरी सेवा कायदा २०१५चा धरायचा की २०१६चा?

अनघा_एमए२
उद्या सकाळी दहाला माझं सादरीकरण आहे आणि एकाच जागी अडकलेय. एका पुस्तकात कायदा २०१५चा दिलाय, दुसऱ्यात २०१६चा. दोन्हीकडे "१९७८चा जुना कायदा रद्द" असंच! कुठला धरू? प्लीज लवकर सांगा.

वाटसरू
देश कुठला? २०१५ म्हटलं की मला आपला लोकसेवा हक्क कायदा आठवतो. दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, खूप जणांना ठाऊकच नसतं.

अनघा_एमए२
काका, तो नाही. हा सरकारी नोकरांच्या पगार-बढतीचा कायदा. विषय अरब देशांतल्या प्रशासन सुधारणा.

दुबईकर
मग दुबईच घे. २०२१च्या डिसेंबरात इथलं सरकार पूर्ण कागदमुक्त झाल्याचं जाहीर झालं. घरभाड्याच्या कराराची नोंदणी मी फोनवरून करतो. २०२२पासून शुक्रवारी अर्धा दिवस, शनिवार-रविवार सुट्टी.

नीलकाठ
अरब लीगमध्ये २२ देश आहेत, त्यातला एक सांगायला हवा होता. १९७८ म्हणजे इजिप्त ना?

अनघा_एमए२
हो, इजिप्तच. घाईत राहिलं.

नीलकाठ
मग दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. २०१५चा कायदा क्र. १८ राष्ट्राध्यक्ष सिसींनी वटहुकमाने आणला, तेव्हा संसदच नव्हती. जानेवारी २०१६मध्ये नव्या संसदेसमोर असे तीनशेच्या वर वटहुकूम आले आणि फेटाळला तो नेमका हा एकच. नंतर दुरुस्त्या करून २०१६चा कायदा क्र. ८१ आला. तोच धर. पगारातली वार्षिक वाढ आधी ५ टक्के होती, ती ७ केली.

दुबईकर
कायदे बदलून काय होतं? सगळं ॲपवर आणा, प्रश्न मिटला.

नीलकाठ
नाही मिटत. १९५०-६०च्या दशकांतले राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात पदवीधराला सरकारी नोकरीची हमी होती. लाखो घरांची चूल त्या पगारावर पेटते. बढती सेवाज्येष्ठतेऐवजी कामाच्या मूल्यमापनावर म्हटलं की "मूल्यमापन साहेबच करणार ना?" ही भीती आलीच. ॲपने ती जात नाही.

जुना_खलाशी
कैरोत एका कचेरीत व्हिसा वाढवायला गेलो होतो. अर्ज एका खिडकीत, अर्जावर लावायची तिकिटं दुसरीत, पुन्हा पहिलीसमोर रांग. पासपोर्टच्या फोटोप्रती जास्तीच्या न्या.

अनघा_एमए२
व्हिसा नकोय हो! नीलकाठ, खूप आभार. ७ टक्के मूळ पगारावर की एकूण?

नीलकाठ
एकूण नाही. कायद्यात त्याला "पदाचा पगार" म्हणतात, त्यावर. भत्ते-बोनस वेगळे.