चेक न वटल्याच्या खटल्यात आरोपीला निर्दोष मानले जात नाही का?

प्रश्न (यंत्रमागधारक, सोलापूर)
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सूत उधारीवर घेताना धाकट्या भावाने व्यापाऱ्याला तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला होता. उधारी फिटल्यावरही तो परत मिळाला नाही आणि आता त्यावर मोठी रक्कम भरून चेक न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली खटला दाखल झाला आहे. देणे उरले नव्हते हे आपणच दाखवायचे, असे वकील सांगतात. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व मग येथे कुठे गेले? इतर देशांतही असेच आहे का?

उत्तर (फौजदारी वकील, सोलापूर)
तत्त्व कायम आहे, मात्र काही गुन्ह्यांत संसदेने पुराव्याचा काही भार आरोपीवर टाकला आहे. हुंडाबळी, अमली पदार्थ आणि पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) ही त्याची ठळक उदाहरणे. चेकच्या बाबतीत हे काम त्याच कायद्याचे कलम 139 करते. सही मान्य असली की चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते, आणि रक्कम दुसऱ्याने भरली एवढ्याने ते गृहीतक ढळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग प्रकरणात 2019 मध्ये सांगितले. तरीही खचून जाऊ नका. रंगप्पा प्रकरणातील 2010 च्या निकालानुसार आरोपीला आपली बाजू संशयातीत सिद्ध करावी लागत नाही. ती अधिक संभाव्य वाटली तरी पुरते. त्यासाठी सुताची बिले, बँकेचा खातेउतारा आणि व्यापाऱ्याच्या खातेवहीवरील उलटतपासणी एवढ्यावरही काम होऊ शकते. भावाने स्वतः साक्ष दिलीच पाहिजे असे नाही.

उत्तर (विधी महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापक)
इंग्लंडमध्ये 1935 च्या वुलमिंग्टन खटल्यात पत्नीला गोळी लागून मृत्यू झाला होता आणि पतीचे म्हणणे बंदूक चुकून उडाली असे होते. अपघात पतीनेच सिद्ध करावा, असे खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय) शिक्षा रद्द केली. मात्र वेडेपणाचा बचाव आणि कायद्याने केलेले अपवाद त्यांनीही बाजूला ठेवले. कॅनडाने अधिक कठोर भूमिका घेतली. जवळ अमली पदार्थ सापडला म्हणजे तो विक्रीसाठीच होता असे मानणारे कलम तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या ओक्स खटल्यात रद्द केले. आपल्याकडे 2008 च्या नूर आगा प्रकरणात अमली पदार्थ कायद्यातील भार आरोपीवर टाकणारी कलमे टिकली, पण मूळ तथ्ये आधी सरकारनेच सिद्ध करावीत, अशी अट न्यायालयाने घातली. मला कॅनडाचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण प्रश्न तुरुंगवासाचा असतो, आणि चेकच्या खटल्यातही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. व्यापाऱ्याच्या नोटिशीला आम्ही उत्तर दिले नव्हते. त्याने अडचण येईल का?

उत्तर (फौजदारी वकील, सोलापूर)
येऊ शकते. रंगप्पा प्रकरणात नोटिशीला उत्तर न देणे आरोपीच्या विरोधात गेले होते. म्हणून उधारी फिटल्याची कागदपत्रे जमवून ती आजच आपल्या वकिलांकडे द्या.