चार ऑर्डरी एकदम, सगळंच अर्जंट, आधी काय हातात घ्यायचं?

पंचवटीकर
मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत मशीनचे इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे डिझाइन, पर्चेस, शॉप सगळ्यांच्या मागे लागायचं काम माझं. सध्या चार ऑर्डरी एकदम चालूयेत. द्वारका चौकाच्या जाममध्ये असतानाच फोन सुरू होतात, सकाळी साहेब म्हणतात हे आज पाहिजे, दुपारी दुसऱ्या पार्टीचा फोन आला की ते सोड हे घे. रोज यादी करतो पण संध्याकाळी बघावं तर यादीतली सोडून बाकीचीच कामं झालेली. ते अर्जंट-महत्त्वाचं वाले आयझेनहॉवरचे चार चौकोन पण करून बघितले, सगळंच पहिल्या, म्हणजे अर्जंट आणि महत्त्वाच्या चौकोनात जाऊन बसतं. तुम्ही कसं ठरवता?

पॅनलवाले काका
कोण ओरडतंय ते बघू नको, कोणाचं काम कशापायी अडलंय ते बघ. डिस्पॅचच्या तारखेपासून उलटं मोजत ये. पार्टीचं इन्स्पेक्शन, टेस्टिंग, वायरिंग, माउंटिंग, पावडर कोटिंग, शीटचं काम, माल, ड्रॉइंग अप्रूव्हल. सगळ्यात लांब साखळी जी निघेल तिच्यातलं काम आधी, बाकीच्यांना थोडी ढील असते. क्रिटिकल पाथ म्हणतात याला, १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्टवाल्यांनी प्लांटच्या कामांसाठी वापरायला सुरू केलेली पद्धत, आपल्याला एक्सेल पुरतं.
आता आपल्या लाइनमधलं सांगतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंप्युटर) यायला आठवडे लागतात आणि त्याची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सोडायला दहा मिनिटं, पण त्यासाठी कोणी फोन करत नाही म्हणून तीच मागे पडते. नेमप्लेट चार दिवस उशिरा आल्या तर काही अडत नाही, वायरच्या टोकाला लावायचे फेरूल नसले तर वायरमन हातावर हात ठेवून बसतो. आणि ब्रेकरचा मेक (कंपनी) बदलला की दाराचा कटआउट बदलतो, त्यामुळे मेक फायनल झाल्याशिवाय शीट कापायला द्यायची नाही, साहेब कितीही मागे लागले तरी.

कोड_आणि_मिसळ
काकांशी सहमत, पण साहेब मध्येच येतात त्याचं काय? आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत बोर्डावर एका वेळी ठरावीकच कामं ठेवतात, मूळ पद्धत टोयोटाच्या कारखान्यातली, कानबान. नवीन घ्यायचं तर आधीचं एक संपवा नाहीतर खाली उतरवा. तू चारही ऑर्डरी शॉपमध्ये फळ्यावर लिही आणि साहेब आले की एवढंच विचार, "घेतो सर, मग यातलं कुठलं मागे ठेवू?" नाही म्हणायचंच नाही. मागे काय ठेवायचं ते त्यांनाच बोलू दे, निम्मी अर्जंट कामं तिथेच गळतात.

दिंडोरीचा बागाईतदार
मला पॅनलमधलं कळत नाही, पण आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सगळ्या प्लॉटची एकाच दिवशी धरत नाहीत. मजुरांची टोळी एकच, सगळं एकदम छाटलं तर पुढे डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) एकदम अंगावर येतं आणि ती कामं थांबत नाहीत, घड वाट बघत नाही. म्हणून प्लॉट मागेपुढे धरायचे. तुमच्या चारही ऑर्डरींच्या तारखा एकाच टायमाला कोणी कबूल केल्या ते आधी विचारा राव.

पंचवटीकर
तारखा मार्केटिंगने दिल्या, त्यांना कोण विचारणार 😅 पण काका, उलटं मोजून बघितलं तर दोन ऑर्डरींच्या ड्राइव्हची पीओ अजून साहेबांच्या टेबलावर सहीला पडलीये, आणि दिवसभर फोन मात्र नेमप्लेटचे चाललेत. उद्या सकाळी पहिली सही तीच घेतो. आणि पार्टीच ड्रॉइंगवर सही करत नसेल तर?

पॅनलवाले काका
मेल टाक, अमुक तारखेपर्यंत अप्रूव्हल नाही आलं तर डिस्पॅच तेवढाच पुढे जाईल. फोनवर सांगितलेलं कोणी मानत नाही. आणि पुढच्या वेळी ऑफरमध्येच लिहा, डिलिव्हरीचे आठवडे पार्टीच्या पीओच्या तारखेपासून नाही, ड्रॉइंग अप्रूव्ह झाल्यापासून मोजायचे. मार्केटिंगवाले कुरकुर करतील, करू दे.