मदत हवी आहे: मिंटवर स्टीमचा गेम ‘प्ले’ दाबताच बंद होतो

कुळागर
विंडोज १० ला रामराम ठोकून लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. स्टीम (गेम विकत घ्यायचं-चालवायचं ॲप) घातलं, लॉगिन झालं, लायब्ररीत गेम ‘इन्स्टॉल्ड’ म्हणून दिसतो. प्ले दाबलं की बटण निळं होऊन ‘स्टॉप’ येतं आणि चार-पाच सेकंदांत परत हिरवं ‘प्ले’. एरर नाही, काळी खिडकीसुद्धा नाही. प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) आवृत्ती बदलली, रीस्टार्ट केलं, गूगलवरचं सगळं करून झालं. तेच परत सांगू नका. चवथीची सुट्टी संपायच्या आत चालू व्हायला हवा.

मांडवीकाठ
गेम कुठला? ग्राफिक्स कार्ड कुठलं? स्टीम सिस्टिम पॅकेज घेतलंत की फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात चालणारं)? मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन्ही मिळतात आणि दोघांची दुखणी वेगळी. हे कळल्याशिवाय अंधारात दगड मारण्यात अर्थ नाही.

जुना_पेंग्विन
गेमिंगला मिंट कशाला? बझाइट टाका, गेमिंगसाठीचंच लिनक्स. एनव्हिडियाची वेगळी इमेज मिळते, ड्रायव्हर आतच, स्टीम आतच. अर्ध्या तासाचं काम.

पातळभाजी
आधी फॅन साफ करून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत हीटसिंकच्या जाळीत धुळीचा लगदा होतो, कार्ड तापलं की गेम आपोआप बंद पडतो.

मांडवीकाठ
@पातळभाजी, पाच सेकंदांत कार्ड तापत नाही हो. इथे गेमची खिडकीच उघडलेली नाही.

कुळागर
विचर ३. जीटीएक्स १६५०, सोबत इंटेल. मिंट २२, स्टीम सिस्टिम पॅकेज. ड्रायव्हर मॅनेजरमधून ‘रेकमेंडेड’ लिहिलेलाच ड्रायव्हर घातलाय.

जुना_पेंग्विन
सिक्युअर बूट चालू असणार! मॉड्यूलवर सही नसली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) ड्रायव्हर लोडच करत नाही. बायोसमध्ये जाऊन बंद करा.

मांडवीकाठ
बंद करायची गरज नाही. ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड मागतो, पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच द्यायचा. बहुतेक जण तो पडदा नुसता एंटर मारून घालवतात, मग ड्रायव्हर असून नसल्यासारखा.
कुळागर, टर्मिनलमध्ये दोन गोष्टी बघा (कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करा). एक, एनव्हिडिया-एसएमआय: कार्डाचं नाव असलेला तक्ता आला पाहिजे. दोन, व्हल्कनइन्फो, डॅश-डॅश-समरी: यादीत १६५० दिसलं पाहिजे. नुसतं ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं काम सीपीयू करतोय असं समजा. प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्स ११ ची (विंडोजच्या ग्राफिक्स भाषेतली) हाक व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स भाषेत वळवतं, त्यामुळे व्हल्कन नाही तर गेम नाही.
आणि गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे?

आठवा_सेमिस्टर
मध्येच विचारतो, व्हॅलोरंट चालेल का मिंटवर?

कुळागर
तक्ता येतो, यादीत १६५० पण आहे. गेम डी ड्राइव्हवर, आणखी कुठे असणार? विंडोजवर खेळायचो तोच. एवढा परत डाउनलोड कोण करणार, इथे पाऊस लागला की नेट आणि वीज दोन्ही जातात. स्टीमला फोल्डर दाखवला, त्याने ओळखला.

मांडवीकाठ
तिथेच घोडं पेंड खातंय. डी ड्राइव्ह एनटीएफएस आहे, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला.
प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज उभं करतो: ज्या लायब्ररीत गेम आहे तिथल्या स्टीमॲप्स, कॉम्पॅटडेटा, मग गेमचा आकडा (विचर ३ चा २९२०३०), त्यात पीएफएक्स. पीएफएक्समध्ये डॉसडिव्हायसेस नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘सी:’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) लागते. मिंट एनटीएफएस ड्राइव्ह आपोआप माउंट करताना (जोडताना) ‘विंडोज-नेम्स’ हा पर्याय लावतं, म्हणजे विंडोजला न चालणारं नाव बनवूच देत नाही. नावात कोलन आला की नकार. ते खोटं विंडोज (प्रीफिक्स) अर्धवट राहतं, प्रोटॉन गप्प बाहेर पडतो.
खात्री करायची तर स्टीम पूर्ण बंद करून टर्मिनलमधून चालू करा, प्ले दाबा आणि शेवटच्या ओळी इथे टाका.

कुळागर
लांबलचक पायथनचा ट्रेसबॅक (एररचा माग) आला. शेवटी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आणि पाथ डॉसडिव्हायसेस, सी कोलन असा संपतो.

जुना_पेंग्विन
एफएसटॅबमध्ये (ड्राइव्ह कसे माउंट करायचे त्याची फाइल) ओळ घाला, यूआयडी १०००, जीआयडी १००० (तुमच्या खात्याचे आकडे), विंडोज-नेम्स काढून टाका. झालं.

मांडवीकाठ
चालेल, पण विंडोज अजून असेल तर त्याचं डिस्क तपासणारं चेकडिस्क ती कोलनवाली नावं खराबी समजून उडवू शकतं. त्यापेक्षा हे दोन मार्ग.
जागा असेल तर गेम ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या जागी, न्या. डाउनलोड नको. स्टीम बंद. डी वरच्या स्टीमॲप्समधून ‘कॉमन’मधला गेमचा फोल्डर आणि ॲपमॅनिफेस्ट, अंडरस्कोर, २९२०३० ही एसीएफ फाइल, दोन्ही होममधल्या स्टीमच्या स्टीमॲप्समध्ये त्याच जागी कॉपी करा. एसीएफ विसरलात तर स्टीम गेम नाहीच म्हणून पहिल्यापासून उतरवायला लागेल. मग सेटिंग्ज, स्टोरेजमधून डी ची लायब्ररी काढा, म्हणजे एकाच गेमच्या दोन जागा राहणार नाहीत. शेवटी प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, ‘व्हेरिफाय’.
जागा नसेल तर फक्त कॉम्पॅटडेटा हलवा: होममध्ये त्या नावाचा रिकामा फोल्डर करा, डी वरचा काढून त्याच जागी होममधल्याची सिमलिंक द्या (एलएन, डॅश एस, आधी होमचा पूर्ण पाथ, मग डी चा). चालतं, पण एनटीएफएसवर लोडिंग रेंगाळतं.

पातळभाजी
नेटचं म्हणाल तर राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. वीज गेली तरी फायबर चालू राहतं. ॲडॉप्टरवर अँपिअर वाचून घ्या, काही राउटर २ अँपिअर मागतात आणि स्वस्त यूपीएस १ वर दम तोडतो.

मांडवीकाठ
@आठवा_सेमिस्टर, नाही. व्हॅलोरंटचं अँटीचीट (फसवणूक पकडणारं) व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, प्रोटॉनकडे तसलं कर्नलच नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय ही दुसरी अँटीचीट लिनक्सवर चालू शकतात, पण ते गेम बनवणाऱ्याने चालू करावं लागतं. एल्डन रिंगने केलं. एपेक्सने आधी केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांना दार लावलं. ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी (कुठला गेम लिनक्सवर चालतो ते सांगणारी साइट) बघायचं.

आठवा_सेमिस्टर
व्हर्च्युअल मशीनमध्ये?

जुना_पेंग्विन
तिथेही व्हॅनगार्ड ओळखतं. शिवाय एकच कार्ड असताना पासथ्रू (कार्ड व्हर्च्युअल मशीनला देणं) म्हणजे डोक्याला ताप.

कुळागर
कॉपी करताना डी ड्राइव्ह ‘रीड-ओन्ली’ दाखवतोय, हा काय नवीन प्रकार?

मांडवीकाठ
विंडोज अजून आहे का, हे तुम्ही सांगितलंच नाही. असेल तर फास्ट स्टार्टअप चालू असणार. ‘शटडाउन’ म्हणतं आणि कर्नल हायबरनेट करून ठेवतं, म्हणून लिनक्स लिहायला धजत नाही. वाचता येतंय ना? मग कॉपी होऊ द्या, त्याला लिहायची परवानगी लागत नाही. नंतर विंडोजमध्ये ॲडमिन प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, स्लॅश एच ऑफ. त्याआधी जबरदस्तीने एनटीएफएसफिक्स (लिनक्समधली एनटीएफएस दुरुस्तीची कमांड) मारू नका.

कुळागर
व्हेरिफाय झालं. लाँचर आला, पण गेम अडखळतोय. जुने सेव्हही नाहीत.

मांडवीकाठ
लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडा. डिसेंबर २०२२ च्या अपडेटने १२ आणलं, ते ४ जीबीच्या कार्डाला झेपत नाही. सुरुवातीला ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ येईल, ते ‘स्किप’ करू नका, नाहीतर खेळताना झटके बसतात.
सेव्ह विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये, द विचर ३, गेमसेव्ह्ज. ते कॉम्पॅटडेटा, २९२०३०, पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, यूजर्स, स्टीमयूजर, डॉक्युमेंट्समधल्या त्याच फोल्डरात टाका. गेम एकदा चालू होऊन बंद झालेला असला पाहिजे, म्हणजे फोल्डर तयार मिळेल. स्टीम क्लाउडने ‘कॉन्फ्लिक्ट’ विचारलं तर तारीख बघून निवडा. घाईत ‘क्लाउड’ दाबलंत तर आत्ताच टाकलेले सेव्ह जातील.

कुळागर
चालला. ११ वर गुळगुळीत आहे. सेव्ह पण आले.

जुना_पेंग्विन
बझाइटवर आधीच चालला असता.

मांडवीकाठ
एनटीएफएसवरून? नसता चालला.

पातळभाजी
तरी फॅनचं बघाच.