मदत हवी आहे : मॅक्रमेचा पट्टा कमरेवर लांबतोय

मी सोलापूरची. ३ मिलिमीटर जाडीच्या, पिळाच्या सुती दोरीला गाठी मारत (हेच मॅक्रमे) कमरेचा पट्टा विणलाय. पितळी बकलात ४ दोऱ्या दुमडून ८ पदर घेतले आणि चौकोनी गाठी (मधल्या दोन पदरांभोवती बाजूचे दोन पदर बांधायचे) एकाआड एक सरकवत जाळी केली. विणून झाला तेव्हा ३४ इंच भरला. चार दिवस वापरला, आता ३७! रुंदीलाही आकसलाय, गाठींमधल्या फटी बदामासारख्या उभ्या ताणल्यात.

दुसऱ्या वेळी दोरी आधी भिजवून, वाळवून घेतली, गाठी बोटं लाल होईस्तोवर आवळल्या. थोडा फरक पडला, पण ताण येतोच. गाठी पिळत नाहीयेत, म्हणजे डावी-उजवी बाजू आलटून पालटून बरोबर पडतेय. याच दोरीचं ब्रेसलेट मात्र जराही ढिलं झालं नाही. त्यात मधले दोन पदर शेवटपर्यंत सरळ जातात, जाळीत ते दर ओळीला बदलतात. गोम तिथेच असावी.

आता जाळी सोडून दोन सरळ पट्ट्या शेजारी शेजारी विणायचा विचार आहे, मधले पदर नायलॉनचे. पट्टा धुता यायला हवा, म्हणून गोंद नको. आतून कापडी अस्तरही नको. गड्ड्याच्या जत्रेआधी तीन पट्टे द्यायचेत, त्यामुळे उसवून बघायला वेळ नाही.

गुळगुळीत नायलॉनवर सुती गाठी घसरून एका जागी गोळा होतात का? कुणी असं करून पाहिलंय? की मधले पदरही सुतीच, फक्त जाड घ्यावेत?