इंगल्शमचं बंद चर्च: भिंती अशाच का ठेवल्या आहेत?

पायवाट (प्रश्न)

गेल्या रविवारी इंग्लंडमध्ये टेम्सच्या काठाने चालताना इंगल्शमला थांबले. लेचलेडपासून जवळच, कोल्न नदी टेम्सला मिळते तिथलं हे गाव. गाव म्हणायला थोडीशी घरं आणि शेताच्या कडेला सेंट जॉन द बॅप्टिस्टचं छोटंसं चर्च. मनोरा नाही. पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर दोन घंटांपुरती दगडी चौकट, बस्स. आता तिथे नेहमीची उपासना होत नाही, पण दार उघडं होतं.

आत गेले आणि पाऊल पुढे पडेना. भिंतींवर रंगवलेली बायबलमधली वचनं, त्यांच्यामधून डोकावणारी आणखी जुनी अक्षरं, त्याखाली कुठे तांबडा पट्टा, कुठे नक्षीचा तुकडा. गिलाव्याचे पोपडे सुटलेले. फरशी खालीवर झालेली. बाकांच्या जागी दारं असलेले उंच लाकडी कप्पे, त्यातले दोन सारखे म्हणून सापडायचे नाहीत. तासभर एकटीच बसले होते. निघताना गलबलून आलं.

हे सगळं दुर्लक्षामुळे असं झालंय, की कुणी मुद्दाम असं ठेवलंय? निदान पोपडे काढून चुन्याचा एक हात द्यावा असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी कुणी बोटही लावू नये असंही वाटत होतं.

आणखी एक. दक्षिणेच्या भिंतीत एक कोरीव दगड आहे: मांडीवर बाळ घेतलेली मेरी, वरून खाली आलेला एक हात, आणि ‘मारिया’ अशी अक्षरं. त्या दगडावर रेघा ओरखडल्यात आणि एक भोकही आहे. कुणी विद्रूप केलं का तो?

चुनाभट्टी

मुद्दाम ठेवलंय, आणि त्यामागे फार मोठी माणसं आहेत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जुन्या चर्चेसच्या ‘जीर्णोद्धारा’ची लाट आली होती. भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडा करायचा, तुम्ही पाहिलेले ते कप्पे (बॉक्स प्यू म्हणतात त्यांना) उपटून एकसारखी बाकं बसवायची, आणि मधल्या चार-पाचशे वर्षांत झालेलं सगळं पुसून चर्च मध्ययुगात ‘असायला हवं होतं’ तसं करायचं. या खरवडण्याविरुद्ध कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला लोक ‘अँटी-स्क्रेप’ म्हणू लागले, ते या खरवडण्यावरूनच. मॉरिसचं केल्म्सकॉटचं घर इंगल्शमपासून काही मैलांवर. हे चर्च त्याला प्रिय होतं. १८८८-८९ मध्ये वास्तुतज्ज्ञ मिकल्थ्वेट यांच्या देखरेखीखाली इथली दुरुस्ती झाली आणि मॉरिसने त्यासाठी पैसे उभे केले. दुरुस्ती म्हणजे खरोखर दुरुस्तीच: पडत होतं ते सावरलं, बाकी जिथे होतं तिथे राहू दिलं. म्हणून तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कमानी आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनी बसवलेलं लाकूडकाम तुम्हाला एकाच नजरेत दिसलं.

आता तुमच्या चुन्याच्या हाताबद्दल. मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. या भिंती ओबडधोबड दगड आणि चुन्याच्या बांधणीच्या असतात, खाली ओल अडवणारा थर नसतो. ओल वर चढते, पण चुन्यातून ती बाहेरही पडते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. एका जुन्या इमारतीवर मला बोलावलं, त्याच्या आधी तिथे कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा करून ठेवला होता. दिसायला गुळगुळीत, स्वच्छ. आत कोंडलेल्या ओलीने मागच्या दगडांचा पार भुगा केला होता. सिमेंट काढताना त्याच्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही सुटून हातात येत होता. तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हा पोपडे दिसले की आधी छप्पर, पन्हळी आणि भिंतीलगतची माती बघायची. पाणी कुठून येतंय ते न शोधता भिंतीला हात लावणं हा गुन्हाच आहे.

उन्हाची रेघ

दगड विद्रूप केलेला नाही. शिल्प अँग्लो-सॅक्सन काळातलं (अकराव्या शतकातल्या नॉर्मन विजयाआधीच्या) आहे, म्हणजे आज उभ्या असलेल्या चर्चपेक्षाही जुनं. एके काळी ते बाहेरच्या बाजूला होतं आणि त्याचा सूर्यघड्याळ म्हणून वापर झाला. भोकात काडी खोचायची, तिची सावली ज्या रेघेवर येईल ती उपासनेची वेळ. वरून येणारा हात देवाचा.

पोपडा

भिंतींबद्दल थोडं. इथे काही ठिकाणी एकावर एक सात थर आहेत, तेराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतचे. मध्ययुगात चित्रं होती. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड हा प्रोटेस्टंट राजा गादीवर आला, मग देशभर चर्चमधल्या प्रतिमा हटवण्याचे हुकूम निघाले आणि भिंतींवर चुना फिरला. चित्रांच्या जागी वचनं आली, कारण आता लोकांनी पाहायचं नव्हतं, वाचायचं होतं. वचनं जुनी झाली की पुन्हा चुना, पुन्हा नवी अक्षरं. ज्या चुन्याने चित्रं झाकली त्याच चुन्याने ती जपलीही. म्हणूनच इथे कुठला थर ‘खरा’ म्हणून उघडा करायचा हा प्रश्नच चुकीचा वाटतो मला. एक उघडायचा तर त्याच्यावरचे सगळे मारावे लागतात.

सध्या हे चर्च चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे. १९६९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली ही संस्था वापरात नसलेली साडेतीनशेहून अधिक चर्चेस सांभाळते. चर्च तिच्याकडे गेलं तरी पवित्रच मानलं जातं, अधूनमधून प्रार्थनाही होऊ शकते. तेव्हा ‘बंद’ हा शब्द मला जरा खुपतो.

पायवाट

‘बंद’ मागे घेते. शीर्षक बदलता येत नाहीये, नाहीतर बदललं असतं.

त्या दगडासमोर मी किती वेळ उभी होते आणि सावली डोक्यातही आली नाही! पुढच्या रविवारी परत जातेय. भिंती नीट बघायला काय न्यावं?

पोपडा

एक साधी टॉर्च. प्रकाश समोरून टाकू नका. भिंतीपासून हातभर दूर, अगदी तिरपी धरा. थरांच्या कडा सावली टाकतात आणि कुठलं अक्षर कुठल्या अक्षराच्या वर बसलंय ते दिसू लागतं. भिंतीला पाठ, पिशवी, काही टेकू देऊ नका. आणि निघताना दार नीट ओढून घ्या, पक्षी आत अडकतात.