कौन्सिल टॅक्स (इंग्लंडमधली घरपट्टी): अल्झायमर असेल तर किती सूट?

प्रश्न: इंग्लंडमध्ये सासू-सासरे दोघंच राहतात. सासऱ्यांना अल्झायमर, निदान २०२२ चं, अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या ज्येष्ठांना मिळणारा सरकारी भत्ता) २०२३ पासून. टॅक्स माफ होतो का?

उत्तर: पूर्ण नाही, २५ टक्के. टॅक्ससाठी घरातले प्रौढ मोजतात, त्यातून गंभीर मानसिक विकारामुळे सासरे वगळले जातात, उरतात एकट्या सासूबाई. सासरे एकटे राहत असते तर पूर्ण माफी होती. उत्पन्न, बचत काही बघत नाहीत. बँकेचे कागद मागितले तर समजा भलताच फॉर्म हातात आलाय, तो कमी उत्पन्नवाल्यांचा.

प्रश्न: कागद कोणते लागतात, आणि सूट कधीपासून?

उत्तर: डॉक्टरचा दाखला आणि अलाउन्सचं पत्र, दोन्ही लागतं. घोळ होतो तो तारखेत. विकार कधीपासून, या रकान्यात जीपी (फॅमिली डॉक्टर) सवयीने सहीच्याच दिवसाची तारीख टाकतात आणि मागची सूट बुडते. तिथे २०२२ लिहून घ्या. सूट मात्र दोन्ही अटी पूर्ण झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून. या दाखल्याचे पैसे जीपीने घ्यायचे नसतात, मागितले तरी देऊ नका.

प्रश्न: सासूबाई दिवसभर त्यांचंच करतात. काळजीवाहू म्हणून त्यांनाही वगळतील?

उत्तर: नाही. आठवड्याला ३५ तासांची अट पुरी झाली तरी जोडीदार त्या नियमात बसत नाही. मागची सूट नाकारली तर आधी कौन्सिलकडे लेखी हरकत घ्या. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनल, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण. तिथे फी नाही.