पोराबाळांना घेऊन रानात डबे शोधायला : जिओकॅशिंगचे अनुभव लिहा

कालवाकाठ

काल संध्याकाळी एक ईमेल आली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहूनच गेलं. आमचा ट्रॅव्हल बग (डब्याडब्यातून प्रवास करणारा नंबरी बिल्ला) ऑस्ट्रियातल्या एका डब्यात सापडलाय!

लेक दुसरीत होती तेव्हा न्यू जर्सीत ग्रिग्जटाउनला, कालव्याकाठच्या झाडीत आम्ही तो सोडला होता. नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला आणि त्याला अडकवलेली कोल्हापुरी चपलेची की-चेन. साइटवरच्या बिल्ल्याच्या पानावर लेकीने लिहिलं होतं, "मला सांगलीला जायचंय." दोन-तीन वर्षं तो फिरला, मग कुठल्यातरी डब्यातून गायब झाला. आता लेक कॉलेजात आहे. ज्याला बिल्ला सापडला त्याने फोटो टाकलाय. चपलेचा अंगठा तुटलाय, पण लाल गोंडा जसाच्या तसा आहे.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी एक डबा, म्हणजे कॅश, लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. आपण फोन घेऊन शोधत जायचं, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. डब्यातली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची.

त्या वर्षी माझे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. आप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. इथे आले आणि पहिल्या पंधरवड्यातच कंटाळले. टीव्ही नको, मॉल नको. मग एका रविवारी त्यांना आमच्याबरोबर डेलावेअर-रॅरिटन कालव्यावर नेलं. हा कालवा १८३४चा. बोटी ओढणारी खेचरं ज्या वाटेवरून चालायची त्याच वाटेवर आता लोक सायकली चालवतात. आप्पांनी जुन्या लॉकचे (बोट वर-खाली करायच्या हौदाचे) दरवाजे पाहिले आणि त्यांचा चेहराच बदलला. पाणी कसं भरतात, बोट कशी वर चढते, हे नातीला काठीने मातीत आकृती काढून समजावत बसले.

डबा शोधताना मदतीला एक हिंट असते, पण ती सांकेतिक लिपीत. अक्षरं तेरा घरं पुढे सरकवलेली असतात, म्हणजे ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की उलगडते. आप्पांना ते बटण मान्य नव्हतं. मी पान छापून द्यायचे. ते आदल्या रात्री जेवणानंतर चष्मा लावून एकेक अक्षर सोडवायचे आणि ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवायचे. रानात नात अगदी रडकुंडीला आली की मगच चिठ्ठी बाहेर! "पडलेल्या ओंडक्याच्या मागे, पण खाली नाही," असं मराठीत वाचून दाखवायचे.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ईमेल वाचून पहिली आठवण त्यांचीच आली. तुम्हीही लिहा. कुठला देश, कुठलं पार्क, मुलं केवढी होती, काय सापडलं, सगळं चालेल.

मनीमाऊ

वाचताना डोळे भरून आले गं. चिठ्ठीचं अगदी डोळ्यासमोर आलं.

खडीसाखर

सांगलीत कुठे? आम्ही गावभागातले. पाटबंधारे म्हणजे आयर्विन पुलापाशी पाण्याची फुटाफुटाने नोंद ठेवणारी मंडळी का?

कालवाकाठ

@खडीसाखर हो! पावसाळ्यात घरी फोन यायचा तो "किती फूट झालं?" एवढंच विचारायला. आम्ही विश्रामबागचे.

खडीसाखर

मग ट्रेलवर भडंग नेत असणारच तुम्ही.

कालवाकाठ

दुसरं काय नेणार! वर कच्चा कांदा वेगळ्या डबीत.

रेडवुड_आई

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात. कुपर्टिनोजवळच्या रँचो सॅन अँटोनिओला बऱ्याचदा जातो. आमच्याकडे दोघं भाऊ, वय सहा आणि नऊ. "चला फिरायला" म्हटलं की दोघांचे पाय दुखतात. "चला कॅश शोधायला" म्हटलं की आम्हीच मागे पडतो.

शिकले ते सांगते. दाट झाडीत फोनचा बाण भिरभिरतो, कारण पानांमधून सिग्नल नीट येत नाही. म्हणून शेवटच्या सात-आठ मीटरला फोन खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. कुठे काटक्या जरा जास्तच नीट रचल्यात? कुठल्या दगडाखाली माती ओली नाही? माझा धाकटा यात पटाईत आहे, उंचीच तेवढी आहे ना त्याची.

आणि पॉइझन ओक!! तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला की हात लांब. फुलपँट घालायचीच. घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये, हातपाय साबणाने खसखसून. पानावरचं तेल कपड्याला लागून घरी येतं, मग सोफ्यावर बसणाऱ्यालाही पुरळ.

(भाजी करपतेय, नंतर येते)

ढगाळ_सिअ‍ॅटल

मस्त धागा. या खेळाचं मुख्यालय आमच्या गावात, सिअ‍ॅटलच्या फ्रीमॉन्ट भागात आहे. पाहुण्यांना तिथे भेट देता येते आणि आत चक्क एक कॅश आहे. मुलीला वाढदिवसाला नेलं होतं, ती अजून सगळ्यांना सांगते.

थोडा इतिहास लिहितो, कारण मला तो फार आवडतो. २ मे २००० पर्यंत नागरी जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवायची. ते बंद झालं आणि एका रात्रीत जगभरातले रिसीव्हर कितीतरी अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. आत वही, पेन्सिल, थोड्या वस्तू आणि घेवड्याच्या उसळीचा एक टिनचा डबा. सप्टेंबर २००० मध्ये साइट सुरू झाली. बादलीच्या जागी आता स्मृतिफलक आहे. आम्ही पोर्टलंडला जाताना वाट वाकडी करून गेलो. बघायला म्हणाल तर रस्त्याच्या कडेला झाडीत एक फलक, बस. पण मुलगी हात लावून उभी राहिली, मलाही भरून आलं.

बंडूची_आई

खायची वस्तू डब्यात अजिबात ठेवायची नसते हेही कुणी लिहा. संक्रांतीला आमच्या बंडूला तिळाची वडी ठेवायची होती. वासाने रॅकून येतात, डबा चावून फोडतात. त्याची समजूत काढता काढता मला हळदीकुंकवाचं उरलेलं वाण आठवलं! छोटे कंगवे, गोल आरसे, टिकल्यांची पाकिटं. तेव्हापासून गाडीत वाणाची पिशवी कायम. पुढे एकीने ऑनलाइन लिहिलं, "छोटा आरसा घेतला, माझ्या मुलीला फार आवडला." आमचं वाण पोचलं म्हणायचं.

मनीमाऊ

वाण!!! किती गोड. यंदा मीही उरलेलं जपून ठेवते.

शून्य_अंश

लिहू की नको विचार करत होते. आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे. गर्दी, वाढदिवस, खेळाचं मैदान, कुठेच रमत नाही. आकडे मात्र त्याचे जिवलग. शिकागोजवळ बसी वुड्स आहे, तिथे कुंपणात एल्कचा कळप आहे, तो बघायला म्हणून गेलो होतो. एल्ककडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याच्या फोनवर जिओकॅशिंगचं अ‍ॅप उघडं होतं, त्यातले अंश आणि मिनिटं त्याने पाहिली आणि हात धरून ओढायला लागला.

तिथे मिनिटं दशांशाच्या तीन घरांपर्यंत लिहितात. त्याने घरी येऊन हिशेब काढला की शेवटचा आकडा एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर सरकतो. आता तो अ‍ॅपचा बाण बघतच नाही, आकडे बघत चालतो. "अजून चार उत्तरेला," असं पुटपुटत दोन पावलं टाकतो, थांबतो, परत बघतो. वहीत सही स्वतः करतो. त्याला पेन धरायला त्रास होतो आणि शाळेत लिहायला बसवणं ही लढाई असते, पण त्या ओल्या, चुरगळलेल्या कागदावर नाव लिहायला कुणी सांगावं लागत नाही. एकदा शोधणारं दुसरं कुटुंब तिथेच भेटलं. त्यांच्या मुलीने विचारलं, "यू फाउंड इट?" हा म्हणाला, "येस." अनोळखी माणसाला आपणहून दिलेलं उत्तर! मी नवऱ्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत चष्मा पुसत होता.

कालवाकाठ

@शून्य_अंश लिहिलंस ते फार बरं केलंस. लेकाला माझ्याकडून शाबासकी. आप्पांचं आणि त्याचं छान जमलं असतं.

ढगाळ_सिअ‍ॅटल

+१. त्याला मल्टी-कॅश दाखवा. पहिल्या जागी फलकावरचे आकडे मोजायचे, त्यातून दुसऱ्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे. जीव लावेल त्याला.

शून्य_अंश

@ढगाळ_सिअ‍ॅटल दादा, धन्यवाद, आजच बघते.

टेकडीवाला

पुण्याहून. आपल्याकडे कॅश फारच कमी, आणि सार्वजनिक जागी डबा लपवणं मला पटत नाही. "बेवारस वस्तूला हात लावू नका" हे आपण रेल्वे स्टेशनवर रोज ऐकतो. कुणाला डबा दिसला की पोलीस, बॉम्बशोधक पथक, सगळी धावपळ. म्हणून आम्ही वेताळ टेकडीवर डब्याविना खेळतो.

सोसायटीतली पोरं पहाटे गोळा करायची. मी आधीच जाऊन जागांचे आकडे लिहून आणतो आणि प्रत्येक जागेला एक प्रश्न. वेताळाच्या देवळाच्या किती पायऱ्या? खाणीच्या तळ्यापाशी कुठला पक्षी दिसला? या खडकात भोकं का आहेत? (लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आपल्याकडचा बराचसा बसाल्ट तसलाच.) उत्तरं वहीत लिहायची, शेवटी खाली येऊन पोहे. मोर ओरडला की शोध थांबतो, सगळी पोरं तिकडे पळतात. तेही चालतं.

रेडवुड_आई

भाजी वाचली 🙂 @टेकडीवाला, तुमचा खेळ म्हणजे जवळजवळ अर्थकॅशच! त्यात डबा नसतोच. जागा बघायची, भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. इथल्या नॅशनल पार्कांत डबे लपवायला सहसा परवानगी नसते, तिथे हेच करतात.

काळे_जंगल

स्टुटगार्टहून. जर्मनीत नाइट कॅश म्हणून प्रकार आहे. दिवसा त्या वाटेवर काही म्हणजे काही दिसत नाही. रात्री टॉर्च मारला की झाडांच्या खोडांवर टोचलेल्या बारीक रिफ्लेक्टर पिना चमकतात. एक दिसली की तिकडे जायचं, तिथून पुढची. आमची जुळी कोकणातल्या काजव्यांच्या झाडाखाली उभी राहिली होती ना, तशीच तोंड उघडी टाकून उभी. सुरुवातीला अंधाराला घाबरून दोघी माझ्या जॅकेटला धरून होत्या, तिसऱ्या पिनेनंतर पुढे पळाल्या. जायच्या आधी वर्णन नीट वाचा. शिकारीचं रान असेल किंवा जनावरांच्या विणीचे दिवस असतील तर रात्री जायचं नाही.

आमच्या भागात गोचीड फार. बाडेन-वुर्टेंबर्ग आणि बायर्नमध्ये त्यांच्यापासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस सुचवतात, आम्ही चौघांनी घेतलीय.

मनीमाऊ

अगंबाई. गोचीड चिकटली तर काय करायचं? आम्ही कनेटिकटला नवीन आहोत.

काळे_जंगल

बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, त्वचेच्या अगदी लगत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. पिळायची नाही, तेल-व्हॅसलिन लावायचं नाही, जाळायची तर मुळीच नाही. मग जागा साबणाने धुवायची. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टर गाठायचा.

कालवाकाठ

आणि कनेटिकट म्हणजे लाइमचा (गोचिडीमुळे होणाऱ्या रोगाचा) प्रदेशच. पँट मोज्यांत खोचायची, घरी आल्यावर मुलांच्या केसांत, कानामागे, गुडघ्यामागे बघायचं. न चुकता.

मनीमाऊ

धन्यवाद सगळ्यांना. स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवलं.

धुक्यातली_वाट

इंग्लंडातून. या सगळ्याचा आजोबा आमच्याकडे आहे, डार्टमूरच्या माळरानावरचं लेटरबॉक्सिंग. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दलदलीतल्या आडजागी एक बाटली ठेवली. पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे डब्यात रबरी शिक्के आले. आपल्या वहीत तिथला शिक्का उमटवायचा आणि तिथल्या वहीत आपला.

हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही जातो. मुलाने खोडरबर कोरून स्वतःचा शिक्का केलाय, त्यावर गणपती. सोंड पहिल्यांदा उलटी उमटली तेव्हा त्याला कळलं की शिक्का उलटा कोरायचा असतो. मग सासूबाईंनी रांगोळीच्या ठशांवर त्याला ते समजावलं. क्रॅनमिअरपर्यंत आम्ही अजून पोचलो नाही, तिथे सैन्याचं सरावक्षेत्र आहे, गोळीबाराच्या तारखा बघून जावं लागतं. यंदा जायचंच.

खडीसाखर

गणपतीचा शिक्का टाका की इथे.

धुक्यातली_वाट

रात्री टाकते, मूल झोपू दे.

बंडूची_आई

आई जूनमध्ये येतेय, तिचे गुडघे दुखतात. आणि धाकटी बाबागाडीत. काही जमेल का?

रेडवुड_आई

जमेल. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, एक ते पाच. वाटेचा आकडा एक असेल तर व्हीलचेअरसुद्धा जायला हवी. अ‍ॅपमध्ये तेवढेच निवडा. बाकी आधी कुणी काय लिहिलंय ते वाचा, पूल तुटला असेल, चिखल असेल तर लोक लगेच लिहितात.

कालवाकाठ

@बंडूची_आई तुम्ही एडिसनच्या ना? मग ग्रिग्जटाउनलाच या. वाट सपाट आहे, आई मध्येच बसू शकतील. फक्त पावसानंतर दोन दिवस जाऊ द्या.

बंडूची_आई

एडिसनच! आईला आत्ताच फोन करते. तिकडून काय आणायला सांगू, वाणाला कंगवे की आरसे?